टाकाऊतून टिकाऊ : फुटक्या वस्तूंची उद्यानशोभा

(ग्रामपंचायत सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी व प्राथमिक शिक्षक यांच्या एका प्रशिक्षण वर्गात एका निवृत्त शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



घरातील टाकाऊ वस्तूंपासून शाळेच्या व पंचायतीच्या बागेसाठी शोभेच्या वस्तू कशा तयार कराव्यात, यासंबंधी मी चार शब्द बोलावेत अशी संयोजकांची इच्छा आहे. विषय तसा लहान वाटतो. जमिनीचे, पाण्याचे, रस्त्यांचे मोठमोठे प्रश्न समोर असता फुटक्या कपबश्यांवर तासभर बोलावयाचे म्हणजे चैन नव्हे काय, असे कोणाच्या मनात आल्यास मी त्यांना दोष देणार नाही. मी स्वतः एके काळी असेच मानीत होतो. त्या मानण्यापायी माझ्या हातून एक चूक झाली. ती येथे सांगितल्यावाचून माझे बोलणे पुरे होणार नाही, पण तिच्याकडे थोड्या वेळाने येतो.

‘टाकाऊतून टिकाऊ’ हे शब्द आपल्या शाळांतून इतक्या वेळा उच्चारले गेले आहेत की त्यांतील यमकाखेरीज आपल्या कानांवर काही पडेनासे झाले आहे. त्यांतील पहिल्या शब्दाकडे आपण भरपूर लक्ष देतो. मुलांना टाकाऊ वस्तू आणावयास सांगतो, त्या वस्तू रंगवितो, ओळीने मांडतो. दुसरा शब्द मात्र विसरला जातो. जून महिन्यात रंगविलेली प्लास्टिकची बाटली पुढील मे महिन्यात उन्हाने तडकून तिचे तुकडे वाफ्यात पसरतात. पूर्वी जो कचरा एका ठिकाणी गोळा करून उचलता आला असता, तो आता मातीत मिसळून कायमचा आपल्या पदरी पडतो. ही शोभा नव्हे. कचऱ्याला दिलेला हा एक वर्षाचा मुक्काम आहे, एवढेच म्हणता येईल. यास्तव आजचे माझे सारे बोलणे दुसऱ्या शब्दाविषयी, म्हणजे ‘टिकाऊ’ या शब्दाविषयी आहे.

ही कल्पना आपल्याला कोणी बाहेरून शिकविलेली नाही. शेतातील बुजगावण्याच्या डोक्यावर पालथे घातलेले, काजळीने काळे झालेले व चुन्याने डोळे काढलेले मडके आपण सर्वांनी पाहिले आहे. स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या भांड्याला आपल्या कुणबिणीने दिलेले ते दुसरे काम होय. ज्या घरांना वृंदावन बांधणे परवडत नसे, त्या घरांच्या ओट्यावर तुळस डालडाच्या रिकाम्या डब्यात नांदत असे. आणि फुटक्या गाडग्याचे खापर हातात घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या व झाडूने गाव स्वच्छ करणाऱ्या त्या सत्पुरुषाला तर आपण त्या खापरावरूनच गाडगेबाबा म्हणून ओळखतो. २०००-०१ साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी त्यात भाग घेतला असेल. त्यानंतर २०२० मध्ये ‘माझी वसुंधरा’ अभियान आले. अशा अभियानांमुळे गावागावांत बागा व सुशोभित कोपरे निर्माण झाले हे मान्य केले पाहिजे. परंतु तपासणीचे पथक येऊन गेल्यावर त्यांतील किती कोपरे वर्षभर तग धरून राहतात, हे आपण आपल्या गावापुरते आठवून पाहावे. त्याचे उत्तर मला देण्याची आवश्यकता नाही.

आता मी आपणास आपल्या राज्याबाहेर, चंदीगढला नेणार आहे. कारण टाकाऊ वस्तूंचे टिकाऊ उद्यान कसे असते, आणि शासनाने अशा गोष्टीशी कसे वागावे, या दोन्ही प्रश्नांचा याहून चांगला वस्तुपाठ माझ्या माहितीत नाही.

नेकचंद सैनी यांचा जन्म १५ डिसेंबर १९२४ रोजी आज पाकिस्तानात असलेल्या शकरगढ भागातील एका खेड्यात झाला. कुटुंब शेतकऱ्याचे. फाळणीत गाव सुटले. १९५१ साली चंदीगढ शहराची उभारणी चालू असता त्यांना तेथे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षकाची नोकरी मिळाली. नव्या राजधानीचा आराखडा फ्रान्समधील सुप्रसिद्ध वास्तुशिल्पी ल कॉर्ब्युझिए यांचा होता. सरळ रस्ते, क्रमांक दिलेले विभाग, जागच्या जागी सर्व काही. असे शहर उभारावयाचे म्हणजे त्या जागेवरील जुनी गावे उठवावी लागली. त्या गावांतील घरांबरोबर त्यांतील चुली, रांजण, कौले, कपबश्या, बांगड्या असा सारा संसार मलब्यात गेला. लोकांनी टाकलेल्या या वस्तू नेकचंद यांनी उचलावयास आरंभ केला. दिवसा नोकरी, आणि कामावरून सुटल्यावर सायकलवरून मलबा व नदीनाल्यांतील चित्रविचित्र आकारांचे दगड वाहून आणणे, असा त्यांचा क्रम १९५८ च्या सुमारास सुरू झाला. सुखना तलावाजवळच्या राखीव झाडीत त्यांनी एक झोपडी घातली व तेथे हे सामान साठविले. त्या जागेवर कोणतेही बांधकाम करण्यास मनाई होती. स्वतः सरकारी नोकर असलेल्या या माणसाने सरकारी जमिनीवर, विनापरवाना, बहुधा रात्रीच्या वेळी, जुने टायर जाळून त्यांच्या उजेडात काम करून एक नगर वसविले. हे सारे त्याने वर्षानुवर्षे कोणाला कळू न देता केले.

कशापासून वसविले, ते आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे आहे. मूर्तीचा सांगाडा भंगारातील लोखंडी सळ्यांचा, नळांचा, आणि मोडक्या सायकलींचा. सायकलीची बैठक जनावराचे डोके होई व तिचा पुढचा चिमटा पाय होई. सांगाड्यावर सिमेंट-वाळूचा थर, आणि तो ओला असतानाच त्यात दाबून बसविलेले बांगड्यांचे, चिनी मातीच्या भांड्यांचे, फरश्यांचे तुकडे. काही मूर्तींच्या अंगावर केवळ बांगड्याच आहेत. रंगीत काचेच्या त्या हजारो कमानी उन्हात चमकतात तेव्हा जरीचे लुगडे नेसलेल्या बाया रांगेने उभ्या आहेत असा भास होतो. भिंतींत डांबराची रिकामी पिंपे, विजेच्या फिटिंगमधील चिनी मातीचे भाग, भट्टीत जळून वेड्यावाकड्या झालेल्या विटांचे गोळे. या सर्व वस्तूंमध्ये एक समान गुण आहे. त्या सर्व आगीतून एकदा जाऊन आलेल्या आहेत. भाजलेली माती, काच, लोखंडाची मळी, सिमेंट. ऊन आणि पाऊस त्यांचे फारसे काही बिघडवू शकत नाही. नेकचंदांनी हे कोठल्या पुस्तकातून शिकले असेल असे मला वाटत नाही. शेतकऱ्याच्या मुलाला व रस्त्यावर काम करणाऱ्या निरीक्षकाला कोणती वस्तू पावसाळे सोसते हे हाताला ठाऊक असते.

सत्तरीच्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत हे सारे अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडले. तोवर कित्येक एकरांवर मूर्तींची अंगणे पसरली होती. नियमाप्रमाणे पाहिले तर प्रकरण अगदी सरळ होते. अतिक्रमण, तेही शासकीय सेवकाने केलेले. पाडून टाकणे व कारवाई करणे, एवढेच टिपणीत लिहावयाचे उरले होते. पण काही जाणत्या अधिकाऱ्यांनी, ज्यांत वनस्पतिशास्त्रज्ञ व प्रशासक डॉ. एम. एस. रंधावा यांचे नाव आदराने घेतले जाते, त्या टिपणीपलीकडे पाहिले. शहरातील नागरिकांनीही पाठिंबा दिला. अखेर २४ जानेवारी १९७६ रोजी हे उद्यान लोकांसाठी उघडण्यात आले. नेकचंदांना त्याच उद्यानाच्या कामासाठी पद व वेतन देण्यात आले, हाताखाली पन्नास मजूर देण्यात आले, आणि शहरातून टाकाऊ सामान गोळा करून त्यांच्यापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था झाली. १९८३ साली या उद्यानाचे चित्र टपाल तिकिटावर आले. १९८४ साली नेकचंदांना पद्मश्री मिळाली. १२ जून २०१५ रोजी, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांचे निधन झाले.

ही कथा येथे संपविली तर ती फारच गोड होईल आणि ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९९० च्या सुमारास बागेतून रस्ता काढण्यासाठी यंत्रे आली तेव्हा नागरिकांना आडवे उभे राहावे लागले. १९९६ साली नेकचंद परदेशी व्याख्यानांसाठी गेले असताना बागेवरील कर्मचारी काढून घेतले गेले आणि अनेक मूर्तींची मोडतोड झाली. २०२५ मध्ये शेजारील न्यायालयाच्या परिसरातील रस्ता व वाहनतळ यांसाठी बागेच्या भिंतीचा काही भाग पाडला गेला. म्हणजे सिमेंट कितीही पक्के असले तरी रोज झाडणारा, पाहणारा, निखळलेला तुकडा परत बसविणारा माणूस नसेल तर टिकाऊपणा संपला. टिकाऊपणाचा अर्धा भाग वस्तूत असतो. उरलेला अर्धा पंचायतीच्या हजेरीपटात असतो.

आता माझ्या चुकीसंबंधी.

मी विस्तार अधिकारी म्हणून नवा होतो. एका खेड्यातील शाळेच्या तपासणीस गेलो. शाळेच्या पाण्याच्या टाकीभोवती शिपायाने एक ओटा बांधला होता आणि त्याच्या कडेला फुटक्या बश्यांचे तुकडे लावून वेलपत्ती काढली होती. वेलीवर एक पक्षी होता. त्याची शेपटी सायकलच्या साखळीची होती. गावात लग्नकार्यानंतर फुटलेली भांडी हा गृहस्थ मागून आणीत असे, असे मुख्याध्यापकांनी सांगितले. त्यांच्या सांगण्यात थोडी तक्रार होती. काही ठिकाणी तुकड्यांच्या कडा बाहेर आल्या होत्या आणि एका मुलाच्या तळहाताला खरचटले होते. मी तपासणी वहीत लिहिले : ‘टाकीभोवतीची काचसदृश सजावट विद्यार्थ्यांच्या दृष्टीने धोकादायक आहे. सत्वर काढून टाकावी.’ पुढल्या भेटीच्या वेळी ओटा साफ होता. वहीत अनुपालन झाल्याची नोंद होती. शिपायाने चकार शब्द काढला नाही. पाण्याचा तांब्या त्यानेच मला आणून दिला. ते तुकडे त्याने फाटकाजवळच्या खड्ड्यात भरल्याचे मला जाताना दिसले.

पुढे दहा-बारा वर्षांनी, १९९८ साली, अभ्यासदौऱ्याच्या निमित्ताने मी चंदीगढला गेलो. बरोबरचे सहकारी छायाचित्रे काढीत होते. मी एका भिंतीजवळ थांबलो. तेथे बश्यांच्या तुकड्यांचे काम होते. मी त्यावरून हात फिरविला. बोटाला कोठेही कड लागली नाही. तुकडे सिमेंटमध्ये पुरेसे खोल बसविलेले होते आणि मधल्या फटी भरून घेतल्या होत्या. तेव्हा माझ्या ध्यानात आले की त्या शाळेतील माझा शेरा वस्तुस्थितीला धरून होता, पण निर्णय चुकला होता. मुलाचा हात खरचटला हे खरेच होते. त्यावर इलाज अर्धी पाटी सिमेंटचा होता. मी सगळी वेल काढावयास लावली. अनुभवी अधिकाऱ्याने लिहिले असते, ‘फटी भरून घ्याव्यात व कडा सपाट कराव्यात.’ सात-आठ शब्दांचा फरक. त्या शिपायाची भेट घेण्याचे मनात होते. मी तेथे गेलो तोपर्यंत तो सेवानिवृत्त होऊन मुलाकडे दुसऱ्या जिल्ह्यात गेला होता.

असा प्रसंग अधिकाऱ्यांवर अन्यत्रही आला आहे, आणि तेथे तो अधिक शहाणपणाने हाताळला गेला. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराच्या वॉट्स या वस्तीत सायमन रोडिया नावाच्या, इटलीहून आलेल्या एका कामगाराने १९२१ ते १९५४ या काळात आपल्या घराच्या आवारात एकट्याने मनोरे उभारले. लोखंडी सळ्या, त्यांवर जाळी, वर सिमेंट, आणि सिमेंटमध्ये फरश्यांचे, बाटल्यांचे व शिंपल्यांचे तुकडे. सर्वांत उंच मनोरा सुमारे शंभर फुटांचा. रोडिया गाव सोडून गेल्यावर नगर प्रशासनाने हे मनोरे धोकादायक ठरविले आणि पाडण्याचा आदेश काढला. लोकांनी विरोध केला तेव्हा मध्यममार्ग निघाला : प्रत्यक्ष परीक्षा घ्यावयाची. ऑक्टोबर १९५९ मध्ये मनोऱ्याला दोर बांधून दहा हजार पौंडांचा ताण देण्यात आला. मनोरा ढळला नाही. ज्या यंत्राने ताण दिला त्याच्यावरच ताण आला, असे सांगतात. आदेश मागे घेतला गेला. आपल्या शाळेच्या ओट्याला दहा हजार पौंडांची गरज नाही. तळहात फिरवून पाहिला तरी पुरे. पण काढून टाकण्याचा शेरा लिहिण्यापूर्वी तो फिरवावा, एवढे मी माझ्या अनुभवावरून अधिकारी मित्रांना सांगेन.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ.

प्रथम वस्तूंची निवड. चंदीगढच्या बागेतील कसोटी आपण घ्यावी : आगीतून गेलेली वस्तू बाहेर ठेवावी. फुटक्या कपबश्या, चिनी मातीच्या बरण्या, फरश्यांचे तुकडे, कौले, माठ, विटा, काचेच्या बांगड्या, ही आपली मुख्य सामग्री. लाखेच्या बांगड्या उन्हात मऊ होतात, त्या घेऊ नयेत. प्लास्टिक शोभेसाठी बाहेर ठेवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे, मग त्याची फुलपाखरे कितीही सुबक होवोत. पत्र्याचा डबा वापरावयाचा तर तळाला भोके पाडून, आतून-बाहेरून रेड ऑक्साईडचा हात देऊन वापरावा. तरीही तो काही वर्षांनी गंजणार हे गृहीत धरावे. तांब्या-पितळेच्या वस्तूंना हात लावू नये. मोडीत त्यांचे पैसे येतात आणि गरीब घरात ते पैसे शोभेपेक्षा मोलाचे असतात.

बांगड्यांच्या संदर्भात एक गोष्ट पुरुष मंडळींच्या ध्यानात येत नाही म्हणून सांगतो. आपल्याकडे बांगडी ‘फुटली’ असे म्हणत नाहीत, ‘वाढली’ म्हणतात. तेव्हा घरोघर मुले पाठवून ‘फुटक्या बांगड्या द्या’ असे मागावयास लावणे बरे नव्हे. कोणत्या घरात त्या कोणत्या कारणाने उतरल्या असतील हे आपणास ठाऊक नसते. त्याऐवजी गावात किंवा बाजाराच्या दिवशी येणाऱ्या कासाराला सांगावे. बांगड्या भरताना फुटलेल्या व वाहतुकीत तुटलेल्या बांगड्या त्याच्या पेटीच्या तळाशी नेहमी असतात, आणि तो त्या आनंदाने देतो. त्याचप्रमाणे पिंपळाखाली लोकांनी ठेवलेल्या भंगलेल्या मूर्ती व तसबिरी या कामी कदापि वापरू नयेत. त्या टाकलेल्या नसतात, ठेवलेल्या असतात.

काही वस्तू मुळीच घेऊ नयेत. नेकचंदांनी विजेच्या जुन्या नळ्या भिंतींत वापरल्या होत्या. आपण ते अनुकरण करू नये. त्या नळ्यांत व तशाच लहान दिव्यांत पाऱ्याचा अंश असतो आणि फुटल्यावर तो मोकळा होतो. जुन्या बॅटऱ्या नकोत. सिमेंटचे जुने पन्हाळी पत्रे कापू किंवा फोडू नयेत, कारण त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. कीटकनाशकांचे डबे व बाटल्या कितीही धुतल्या तरी मुलांच्या हाती देऊ नयेत.

टायरविषयी मला विशेष सांगावयाचे आहे, कारण रंगविलेल्या टायरचे वाफे सध्या फार दिसतात. टायरच्या पोकळीत पावसाचे पाणी साचते व ते वरून दिसत नाही. डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या डासाला अंडी घालण्यास अशीच स्वच्छ, सावलीतील, थोड्या पाण्याची जागा आवडते. आठ-दहा दिवसांत त्यातून नवे डास बाहेर पडतात. ज्या टायरला खालच्या बाजूने चार-पाच भोके पाडलेली नाहीत आणि ज्याची पोकळी मातीने पूर्ण भरलेली नाही, तो टायर बागेत नव्हे, गावाच्या दवाखान्याच्या वाटेवर ठेवलेला आहे असे समजावे. पक्ष्यांसाठी फुटक्या थाळीत पाणी ठेवण्याची पद्धत चांगली आहे. पालथ्या कुंडीवर बशी पक्की बसविली की सुरेख दिसते. पण ते पाणी दोन दिवसांआड ओतून, भांडे घासून पुन्हा भरावे. आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावयास सांगते, तो बागेतील भांड्यांनाही लागू आहे.

सर्वांत सोपे आणि हमखास साधणारे काम म्हणजे चीर गेलेल्या माठाची सजावट. माठ प्रथम तासभर पाण्यात भिजत ठेवावा, नाहीतर कोरडी माती सिमेंटमधील पाणी शोषून घेते व थर पापुद्र्यासारखा सुटतो. चीर मोठी असेल तर बाहेरून कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती बारीक तारेची जाळी गुंडाळावी. एक भाग सिमेंट व तीन भाग चाळलेली, धुतलेली वाळू. खाडीची वा खारट वाळू नको, तिच्यामुळे पुढे पांढरी फुली येते व तार गंजते. पाणी बेताचे, लाडवाचा गोळा वळता येईल इतके. एका वेळी थोडेच कालवावे, कारण अर्ध्या-पाऊण तासात ते वापरून संपले पाहिजे. आवळू लागलेल्या मिश्रणात पुन्हा पाणी घालून ते नरम करण्याचा मोह सर्व गवंड्यांना होतो. तो आवरावा.

बश्या फोडताना त्या ओल्या पोत्यात गुंडाळून हातोडीने हलकेच ठोकाव्यात. हे काम मोठ्या माणसाने, डोळ्यांवर चष्मा व हातांत जाड मोजे घालून करावे. मुलांना तुकडे निवडण्याचे व मांडण्याचे काम द्यावे, तेही कडा जुन्या कौलावर घासून बोथट केल्यावर. थर अंगठ्याच्या अर्ध्या पेराएवढा जाड असावा, आणि तुकडा त्यात आपल्या जाडीइतका पूर्ण दाबावा, जेणेकरून त्याची पाठ व सिमेंटचा पृष्ठभाग एका पातळीत येतील. माझ्या त्या शाळेतील वेलीत हेच राहून गेले होते. दुसऱ्या दिवशी फटींमध्ये पातळ सिमेंट भरावे, आणि ते अर्धवट सुकल्यावर गोणपाटाच्या तुकड्याने पुसून घ्यावे. त्यानंतर सात दिवस ओले पोते गुंडाळून सावलीत ठेवावे आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मारावे. हे सात दिवस कोणालाच आवडत नाहीत. समारंभाच्या आदल्या दिवशी केलेले काम याच सात दिवसांच्या अभावी पुढल्या पावसाळ्यात गळून पडते. म्हणून उद्घाटनाची तारीख आधी ठरवून कामाला लागण्याऐवजी काम पुरे झाल्यावर तारीख ठरवावी, अशी पंचायत सदस्यांना माझी नम्र सूचना आहे.

नक्षी कोणती काढावी हे मी सांगणार नाही. आपल्या गावातील ज्या बाया दारापुढे रांगोळी काढतात, त्यांना विचारावे. ठिपक्यांची रांगोळी व तुकड्यांचे काम यांचे नाते जवळचे आहे, आणि चित्रकलेच्या पुस्तकातील कमळापेक्षा त्यांच्या हातची वेल निश्चितच जिवंत उतरते. गावात एखादा निवृत्त गवंडी किंवा कुंभार असेल तर त्याला मानधन देऊन बोलवावे. फुकट राबविण्याची सवय आपल्याकडे श्रमदानाच्या नावाखाली फार बोकाळली आहे. चंदीगढ प्रशासनाने नेकचंदांना हार घालून घरी पाठविले नव्हते, वेतन चालू केले होते, हे विसरता कामा नये.

आणि गावातील कोणी विचारल्याविना काही करून ठेवले असेल, पारावर, विहिरीच्या कठड्यावर, शाळेच्या कुंपणाला, तर त्याची नोंद मासिक सभेत घेऊन जागा कोणाची, वस्तू सुरक्षित आहे काय, तिची देखभाल कोण करील, एवढे तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे समाधानकारक असल्यास ठराव करून ती वस्तू पंचायतीच्या नोंदवहीत घ्यावी आणि झाडलोट करणाऱ्याच्या कामात तिचा समावेश करावा. उत्तरे समाधानकारक नसल्यास दुरुस्ती सुचवावी.

बाहेर पडवीत चार माठ सकाळपासून भिजत ठेवले आहेत. वाळू चाळून तयार आहे. गावातील कासारमामांनी टोपलीभर बांगड्या पाठविल्या आहेत, त्यांत हिरव्या जास्त आहेत. चष्मे दोनच मिळाले, म्हणून बश्या फोडण्याचे काम दोघांनीच करावयाचे आहे. बाकीच्यांनी भोजनापूर्वी आपापले गट पाडून घ्यावेत. सिमेंट मी आताच कालवावयास सांगितले आहे, तेव्हा प्रश्नोत्तरे तेथेच, काम करता करता होतील.